मालक, गट आणि इतर : सर्व्हरवरील फोल्डरांच्या परवानग्यांसंबंधी काही विचार

विद्यापीठीय विभागांचे कागद आता केवळ कपाटात राहत नाहीत. प्रबंधांचे संग्रह, संशोधनपत्रिका, अभ्यासक्रमांची पाने, मोडी कागदांच्या छायाप्रती हे सारे कोठल्या तरी सर्व्हरवर ठेवले जाते, आणि ते ठेवण्याचे काम पुष्कळदा विभागातल्याच एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या अंगावर येऊन पडते. वर्डप्रेस, ड्रुपल, मूडल, मीडियाविकी किंवा ओपन जर्नल सिस्टिम्स यांपैकी एखादी प्रणाली तो उतरवून घेतो, स्थापनेचे पान उघडतो, आणि 'अमुक फोल्डरात लिहिता येत नाही' या एका वाक्यापाशी अडतो. पुढे काय होते हे सर्वांच्या परिचयाचे आहे. कोणी तरी जाणता त्याला '777 कर' असे सांगतो. तो तसे करतो. अडलेले काम सुरू होते. प्रस्तुत लेखात या एका आकड्याचा, आणि तो ज्या भाषेमुळे सुचतो त्या भाषेचा विचार करावयाचा आहे. माझे म्हणणे असे की, दोष विद्यार्थ्याच्या अज्ञानाचा नसून त्याच्या हाती दिलेल्या स्थापना-पुस्तिकांच्या मांडणीचा आहे. 'परवानगी किती द्यावी?' हाच प्रश्न त्या त्याच्यापुढे ठेवतात. 'येथे लिहिणारा कोण, आणि ही वस्तू कोणाच्या नावावर आहे?' हा प्रश्न त्याच्या आधी यावयास हवा, तो सहसा येत नाही.

या विचाराला एक प्रसंग कारण झाला. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या सामाईक सर्व्हरवर एका विद्यार्थ्याने कोल्हापूर परिसरातील एका घराण्याच्या मोडी दप्तराच्या छायाप्रती ठेवल्या होत्या. मुलगा काळजीवाहू होता. प्रत्येक फाइल त्याने 444 केली होती, म्हणजे मालकालासुद्धा केवळ वाचता यावी अशी. फोल्डर मात्र स्थापनेच्या वेळी 777 करावे लागले होते, ते तसेच राहिले. एके दिवशी सकाळी फोल्डर रिकामे आढळले. त्याच यंत्रावरील दुसऱ्या एका खात्याचा, जुन्या फाइली झाडून टाकणारा कार्यक्रम चुकीच्या वाटेने तेथे पोहोचला होता. 'पण सर, मी फाइली बंद केल्या होत्या ना!' असे तो पुनःपुन्हा म्हणत होता. मूळ कागद ज्या घरातले, त्या घराने दप्तर पुन्हा सोडून दाखविण्यास कित्येक महिने लावले, आणि काही रुमाल तर दुसऱ्यांदा हाती आलेच नाहीत.

त्याचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर त्याने वाचलेल्या एकाही पुस्तिकेत नव्हते. युनिक्स-कुळातील व्यवस्थेत फोल्डर म्हणजे पेटी नव्हे. ती एक यादी आहे. फाइल पुसणे म्हणजे फाइलीवर काही लिहिणे नव्हे, तर त्या यादीतील एक ओळ खोडणे होय. सबब पुसण्याचा अधिकार फाइलीच्या आकड्यावरून ठरत नाही, फोल्डराच्या आकड्यावरून ठरतो. यादी सर्वांना लिहिण्यास मोकळी असेल तर आतल्या फाइलींना घातलेली कुलपे व्यर्थ. तात्पुरत्या फाइलींचे सार्वजनिक फोल्डर सर्वांना लिहिण्यासाठी मोकळे असूनही तेथे एकाची फाइल दुसऱ्याला पुसता येत नाही, याचे कारण त्याचा आकडा 777 नसून 1777 असतो. आरंभीचा तो एक 'ज्याची ओळ त्याने खोडावी' असे बंधन घालतो. एवढी एक गोष्ट पुस्तिकेत दोन ओळींत सांगितली असती तर ते रुमाल वाचले असते.

आकड्यांचा अर्थ थोडक्यात सांगतो. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालविण्याचा एक. यांची बेरीज मालकासाठी, गटासाठी आणि इतरांसाठी वेगवेगळी करून तीन अंक शेजारीशेजारी मांडावयाचे. 755 म्हणजे मालकाला सर्व, बाकीच्यांना वाचणे आणि चालविणे. फोल्डराच्या बाबतीत 'चालविणे' याचा अर्थ त्यातून पलीकडे जाता येणे एवढाच होतो. वाचण्याचा अधिकार नसला तरी जाण्याचा असेल, तर नाव ठाऊक असलेली फाइल उघडता येते, यादी मात्र पाहता येत नाही. आणखी एक गोष्ट अशी की, हे तीन अंक एकात एक मिळविले जात नाहीत. मागणारा मालक असेल तर पहिलाच अंक पाहिला जातो. मालक नसून गटातला असेल तर दुसरा. दोन्ही नसेल तरच तिसरा. म्हणून 077 या फाइलीपुढे परका मनुष्य खुशाल आत जातो आणि मालक दाराशी उभा राहतो.

कोल्हापूरच्या कोणत्याही खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही. त्याच्या घरी सातबारा आहे. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक. त्यात भोगवटादाराचे नाव असते, कुळाचे असते, आणि 'इतर अधिकार' असे एक सदर असते. जमीन कोणाच्या नावे आणि तिच्यावर कोणाचा कोणता हक्क, या दोन गोष्टी तेथे वेगळ्या लिहिल्या जातात. मालकी बदलली की फेरफार घालावा लागतो; 'इतर अधिकार' या सदरात नवी ओळ लिहून मालकी बदलत नाही. संगणकातही दोन आज्ञा अशाच वेगळ्या आहेत. 'सीएचमॉड' ही आज्ञा हक्कांचे सदर बदलते. 'सीएचओन' ही आज्ञा फेरफार घालते. कूळकायद्याच्या इतिहासातही हा भेद दिसतो. 1948 च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याने आणि त्याच्या पुढील दुरुस्तीने 1 एप्रिल 1957 रोजी कसणारी कुळे जमिनीची खरेदीदार मानली गेली. कसणाऱ्याचा प्रश्न सोडविण्यासाठी गावातल्या प्रत्येकाला त्या शेतात नांगर घालण्याची मुभा द्यावी, असे कोणाच्या मनात आले नाही. 777 चा सल्ला मात्र नेमका तेवढेच करतो.

आता कसणारा कोण ते पाहू. येथे विद्यार्थ्यांची एक ठाम गैरसमजूत आड येते. 'इतर' म्हणजे बाहेरून पान पाहण्यास येणारे लोक, असे त्यांना वाटते. तसे नाही. 'इतर' म्हणजे त्याच यंत्रावरील इतर खाती. बाहेरचा वाचक यंत्रात स्वतःच्या नावाने कधी येतच नाही. त्याच्या वतीने वेब-सर्व्हर नावाचा कार्यक्रम फाइल उघडतो, आणि त्या कार्यक्रमाला स्वतःचे खाते असते. डेबियन आणि उबुंटू या व्यवस्थांत त्याचे नाव 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा', रेडहॅटच्या परंपरेत 'अपाचे'. विद्यार्थी फाइली आणून ठेवतो त्या स्वतःच्या खात्याने. स्थापनेचे पान त्या फोल्डरात लिहू पाहते ते बहुधा सर्व्हरच्या खात्याने. नाव निराळे म्हणून नकार मिळतो. नकार योग्यच आहे. त्यावर उपाय म्हणजे लिहिणाऱ्याचे नाव योग्य त्या एका फोल्डराला लावणे. दार सर्वांना उघडणे नव्हे.

येथे घाईने दुसऱ्या टोकाला जाण्याचाही धोका आहे, आणि काही पुस्तिका तेथे जातात. संपूर्ण प्रणालीच सर्व्हरच्या खात्याच्या नावे करून टाका, असे त्या सांगतात. त्याने तक्रार थांबते. परंतु प्रणालीत एखादे छिद्र निघाले तर त्यातून शिरलेला मनुष्य सर्व्हरच्या हाताने स्वतः प्रणालीचेच लेखन बदलू शकतो. म्हणून प्रणालीचा मजकूर एकाच्या नावे, आणि चढविलेल्या फाइलींचे फोल्डर तेवढे सर्व्हरच्या नावे, ही वाटणी चांगली. त्या फोल्डरातील कोणतीही फाइल कार्यक्रम म्हणून चालू नये अशीही तजवीज करावी. यात गैरसोय आहे, ती लपविण्यात अर्थ नाही. स्वतःला आपोआप अद्ययावत करणाऱ्या प्रणालींना आपल्याच फाइलींवर लिहावे लागते, आणि ही वाटणी त्यांच्या आड येते. सोय आणि सुरक्षा यांपैकी काय घ्यावे हे प्रत्येक विभागाने ठरवावे; पण ते ठरवीत आहोत याची जाणीव तरी असावी.

पुस्तिका सर्वच सारख्या नाहीत, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. वर्डप्रेसच्या सुरक्षाविषयक प्रकरणात फोल्डरांना 755 आणि फाइलींना 644 हे प्रमाण दिले असून कोणत्याही फोल्डराला, चढविलेल्या फाइलींच्या फोल्डरालासुद्धा, 777 देऊ नये असे स्पष्ट बजावले आहे. त्यामागचे मालकीचे कारणही दिले आहे. मूडल आपल्या विदेचे फोल्डर वेबच्या आवाराबाहेर ठेवावयास सांगते, तसेच ओपन जर्नल सिस्टिम्सही. हा विचार मला सर्वांत प्रौढ वाटतो, कारण येथे कुलपाची चर्चा करण्यापूर्वी वस्तू कोठे ठेवावी याचा निर्णय आधी घेतला आहे. तथापि मूडलच्या स्थापनेत त्याच विदेच्या फोल्डराला 777 चे उदाहरण दिलेले असते आणि सामाईक यंत्रावर ते धोक्याचे असल्याची सूचना शेजारी असते. उदाहरण उतरवून घेतले जाते, सूचना वाचली जात नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणालाही हे नवे नाही.

ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीच्या पुस्तिकेचे मला विशेष कौतुक वाटते. ती मांडणीच्या फाइलीला स्थापनेपुरता सर्वांसाठी लेखनाचा अधिकार देण्यास सांगते, आणि स्थापना झाल्यावर तो काढून घेण्याची आज्ञाही लगेच देते. मीडियाविकीच्या जुन्या आवृत्त्यांत, म्हणजे 2011 मधील 1.17 पूर्वी, हाच क्रम होता. त्यापुढे मांडणीची फाइल स्थापकाच्याच हाती देऊन त्याने ती योग्य जागी ठेवावी अशी सुधारणा झाली, त्यामुळे फोल्डर उघडण्याची वेळच टळली. शिवकालीन पत्राच्या शेवटी मोर्तब उमटवीत, 'मर्यादेयं विराजते' अशी; मजकूर येथे संपला, यापुढे कोणी ओळ घालू नये, हा तिचा अर्थ. स्थापना संपल्यावर मांडणीच्या फाइलीचा लेखनाधिकार काढून घेणे हे तेच मोर्तब आहे. बहुसंख्य पुस्तिका 'अभिनंदन, स्थापना पूर्ण झाली' येथे थांबतात आणि पत्र मोर्तबावाचून राहते.

आता शब्दाविषयी. मराठीत या तीन अंकांना सर्रास 'परवानगी' म्हणतात. हा इंग्रजी संज्ञेचा सरळ अनुवाद आहे, आणि अनुवाद म्हणून चुकीचा नाही. परंतु मराठीत परवानगी ही मागावी लागते. अमुक माणसाला अमुक अधिकारी अमुक वेळी ती देतो. शब्दाच्या मागे परवाना आहे आणि परवान्यावर नाव असते. येथे मात्र कोणी काही मागत नाही. दप्तरी एक कायमची नोंद असते आणि गाभा ती पाहून होय किंवा नाही म्हणतो. 'परवानगी' म्हटले की नकार हा अडेलतट्टूपणा वाटू लागतो आणि 'जास्त परवानगी' हा त्याच्यावरचा सहज उपाय भासतो. गंमत अशी की, मूळ आज्ञेच्या नावातही परवानगीचा उल्लेख नाही. 'सीएचमॉड' हे 'चेंज मोड'चे, म्हणजे फाइलीची रीत बदलण्याचे, संक्षिप्त रूप. नोव्हेंबर 1971 च्या युनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेत ही आज्ञा आणि मालकी बदलण्याची आज्ञा या दोन्ही आहेत. त्या वेळी मालक आणि मालकेतर असे दोनच भाग होते. गट मागाहून आला. पण मालकी वेगळी आणि हक्क वेगळे हा भेद पहिल्या दिवसापासूनचा आहे. मला सातबाऱ्याचा 'अधिकार' हा शब्द अधिक योग्य वाटतो. त्याला पदाचा आणि सत्तेचा वास येतो, हा आक्षेप मान्य. तरीही 'मालकी' आणि 'अधिकार' ही जोडी विद्यार्थ्याच्या कानाला ओळखीची आहे, आणि ती जोडीने शिकविता येते.

एक शेवटची अडचण. रेडहॅटच्या परंपरेतील यंत्रांवर 777 करूनही कधीकधी नकारच मिळतो. तेथे एसई-लिनक्स नावाचा दुसरा पहारेकरी असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने तो 2000 साली खुला केला आणि 2003 च्या 2.6 या आवृत्तीपासून तो लिनक्सच्या गाभ्यात आहे. तो अंक पाहत नाही, फाइलीवरील चिठ्ठी पाहतो. यावर प्रचलित सल्ला असा की, तो पहाराच उठवावा. योग्य चिठ्ठी लावण्यास एक आज्ञा पुरते. पण ज्याने पहिल्या नकाराचे कारण विचारले नाही तो दुसऱ्याचे कशाला विचारील?

त्या विद्यार्थ्याने छायाप्रती पुन्हा घेतल्या, जेवढ्या मिळाल्या तेवढ्या. नव्या फोल्डराचा आकडा 2750 आहे. फोल्डर त्याच्या नावावर, गट सर्व्हरचा. सर्व्हर फाइली वाचून वाचकाला देतो, लिहू किंवा पुसू शकत नाही. यंत्रावरील इतर खात्यांना फोल्डरात पाऊलही टाकता येत नाही. आणि आरंभीच्या दोनामुळे पुढे येणारी प्रत्येक फाइल आपोआप त्याच गटाची होते. गट बदलण्यापुरती व्यवस्थापकाला एकदा विनंती करावी लागली. त्याने प्रथम विचारले, 'एवढा उपद्व्याप कशाला, 777 का करीत नाही?'