रडणारी आई, पाहणारी आई

जयवंत दळवी यांची ‘ऋणानुबंध’ ही कादंबरी आणि त्याच विषयावरचे त्यांचे ‘नातीगोती’ हे नाटक यांनी मराठी मध्यमवर्गाला एके काळी फार अस्वस्थ केले होते. मतिमंद मुलगा वाढवणाऱ्या एका घराची ती कथा. दळवी 1994 साली निवर्तले. परंतु त्यांनी दाखवलेले ते घर मराठी मनातून गेले नाही. 2017 साली प्रसाद ओक यांनी त्या कादंबरीवरून ‘कच्चा लिंबू’ हा चित्रपट केला आणि त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. त्यापूर्वी, 2014 साली, महेश लिमये यांचा ‘यलो’ प्रदर्शित झाला होता. डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेल्या आणि पुढे जलतरणपटू झालेल्या पुण्याच्या गौरी गाडगीळ हिच्या जीवनावरून तो स्फुरला होता. जन्मतःच वेगळे असलेले मूल आणि त्याचे घर हा या दोन्ही कलाकृतींचा विषय. त्यांचा येथे एकत्र विचार करावा, असे आम्ही योजले आहे.

अकोल्याहून वाशीमला जाणाऱ्या रस्त्यावर, मालेगाव तालुक्यात, मेडशी हे गाव आहे. या गावी बसून आम्ही हे लिहीत आहोत आणि ही गोष्ट आमच्या दृष्टीने गौण नाही. मुंबईच्या वा पुण्याच्या प्रेक्षकाला एखादी कलाकृती जे सांगते, ते मेडशीच्या एखाद्या घरापर्यंत पोचते काय? त्या घरात असे मूल जन्मले, तर त्याच्या आईच्या हाती ही कलाकृती काय ठेवील? साहित्याला अशी कसोटी लावणे काहींना अरसिकपणाचे वाटेल. तरीही दुःखाविषयी जे लिहिले जाते, ते दुःख भोगणाऱ्याला वाचून दाखवण्याजोगे असावे, असे आम्ही मानतो.

प्रथम ‘कच्चा लिंबू’. मोहन आणि शैला काटदरे हे नोकरी करणारे जोडपे. बच्चूजवळ घरात सदैव कोणीतरी असावे म्हणून दोघांच्या कामाच्या वेळा वेगळ्या; परिणामी पतिपत्नी एकाच छपराखाली राहूनही एकमेकांना भेटत नाहीत. बच्चू आता लहान राहिलेला नाही. त्याच्या देहाला वयाची जाग येते आणि बुद्धीला तिचा अर्थ लागत नाही. हा प्रश्न दळवींनी ज्या धिटाईने मांडला, ती धिटाई आजही विरळा आहे. आईबापही थकतात, त्यांनाही कधी सुटून जावेसे वाटते, हे सत्य त्यांनी उच्चारले आणि चित्रपटाने ते बव्हंशी कृष्णधवल चित्रांत इमानाने जपले. सोनाली कुलकर्णी आणि रवी जाधव यांच्या चेहऱ्यांवरचा शिणवटा अभिनयाचा वाटत नाही. मनमीत पेम यांचा बच्चूही कोठे हास्यास्पद होत नाही.

असे असूनही एक उणीव आम्हांला सलते. कथेचा सारा भार आईबापांच्या झिजण्यावर आहे. मूल हे त्या झिजण्याचे कारण म्हणून उभे राहते. अशा घरात पंधरा वर्षे काढलेल्या आईला किती गोष्टी ठाऊक झालेल्या असतात! वादळ येण्यापूर्वीची चाहूल तिला कळते. कोणत्या आवाजाने मूल बिथरते आणि कोणत्या स्पर्शाने शांत होते, हेही तिला कळते. हे कोणत्याही पुस्तकात नसलेले ज्ञान असते. आपल्या साहित्यात मात्र त्याची गणना केवळ श्रमांत होते. आई किती सोसते, हे लेखक मन लावून पाहतो. आई काय पाहते, हे पाहावयाचे राहून जाते.

‘यलो’ ही उणीव काही अंशी भरून काढतो. मृणाल कुलकर्णी यांची आई पतीचे घर सोडून मुलीसह भावाकडे येते आणि मुलीचा ओढा पाण्याकडे आहे, हे या घराला उमगते. पुढचा प्रवास उपेंद्र लिमये यांनी साकारलेल्या प्रशिक्षकासोबतचा. या चित्रपटाचे मोठेपण त्याच्या एका निर्णयात आहे: मोठ्या गौरीची भूमिका गौरी गाडगीळ हिनेच केली आहे. आजवर आपल्या पडद्यावर अशी मुले इतरांनी वठवली. येथे ती व्यक्ती स्वतः आपल्यासमोर उभी राहिली. 61व्या राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षक मंडळाने चित्रपटाला विशेष पुरस्कार दिला तो उचितच होता.

परंतु ‘यलो’ची वाट पदकाकडे जाते. विजयाच्या कथेत एक अट दडलेली असते: मूल जिंकले म्हणून त्याचे जगणे सार्थ झाले. ज्याला पोहता येणार नाही, कदाचित चालताही येणार नाही, त्याचे काय? मेडशीत पोहण्याचा तलाव नाही अन् प्रशिक्षकही नाही, हा प्रश्न त्यापुढे लहान आहे. मुलाने जगाला काही करून दाखवल्यावाचून त्याच्या घराला मान मिळू नये काय, हा खरा प्रश्न आहे.

येथे आम्हांला एका जुन्या पुस्तकाचे स्मरण होते. पर्ल बक या अमेरिकन लेखिकेने 1950 साली ‘द चाइल्ड हू नेव्हर ग्रू’ हे छोटे पुस्तक लिहिले. 1938 साली नोबेल पारितोषिक मिळालेली ही लेखिका. तिची मुलगी कॅरल 1920 साली चीनमध्ये जन्मली होती. मुलीची बुद्धी वाढत नाही हे ध्यानी आल्यावर आई तिला घेऊन डॉक्टरांमागून डॉक्टर पालथे घालत राहिली. पुस्तकात एक प्रसंग आहे. आई मुलीला लिहावयास शिकवत आहे. मूल निमूटपणे अक्षर गिरवीत आहे. सहज आईने तो चिमुकला हात हाती घेतला, तो घामाने ओला लागला. तिला कळून चुकले, की मुलीला यातले काहीच समजत नाही. केवळ आईला बरे वाटावे म्हणून ते लेकरू जिवाचा आटापिटा करीत आहे. आईने त्या दिवशी शिकवणे थांबवले. या प्रसंगात विजय नाही, आणि हंबरडाही नाही. एका आईने आपल्या मुलाचा तळहात पाहिला, एवढेच आहे. आमच्या मते या विषयावरील लेखनाचा मानदंड तेथे आहे.

कॅरलच्या आजाराचे नाव ते पुस्तक लिहिताना आईला ठाऊक नव्हते. पुढे ते कळले: फेनिलकीटोन्युरिया. अन्नातील प्रथिनांत असणारे फेनिलॲलनीन हे द्रव्य शरीराला पचवता येत नाही. ते रक्तात साचत जाते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. या आजाराचा शोध लागला तोही एका आईमुळे. नॉर्वेतील त्या बाईची दोन्ही मुले मंदबुद्धी होती आणि दोघांच्याही अंगाला व लघवीला एक चमत्कारिक कुबट वास येई. तिने डॉक्टरांना तो परोपरीने सांगितला. कोणी मनावर घेतले नाही. 1934 साली आस्ब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांनी तिचे ऐकून घेतले. मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड घालताच ती हिरवी झाली. आईने आणून दिलेल्या कित्येक लिटर लघवीतून त्यांनी कारणीभूत द्रव्य वेगळे केले. पुढे बर्मिंगहॅमला हॉर्स्ट बिकेल यांनी या मुलांसाठी विशेष आहार सिद्ध केला आणि 1953 साली तो प्रसिद्ध केला. त्यामागेही रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहून, माझ्या मुलीसाठी काहीतरी करा, असे विनवणारी एक आई होती. आज जन्मल्यावर टाचेतील रक्ताच्या थेंबावरून हा आजार ओळखता येतो. पहिल्या काही आठवड्यांतच आहार सुरू केला, तर मेंदूची ती हानी टळते.

या सर्व हकिकतीत आया रडल्या नसतील असे नाही. परंतु जगाला उपयोगी पडले ते त्यांचे पाहणे आणि पाहिलेले पुनःपुन्हा सांगणे. मराठी साहित्याने या दुसऱ्या आईला अजून पुरती जागा दिलेली नाही.

याला एक कारण आहे. आपल्याकडे अशा मुलाचा जन्म होताच घर उत्तर शोधते ते दोषाच्या भाषेत. कोणाच्या घराण्यातून आले? कोणाचे पाप फळले? बोट बहुधा सुनेकडे वळते. शास्त्र सांगते ते निराळे आहे. फेनिलकीटोन्युरियासारख्या आजारांत दोष असलेले जनुक आई आणि बाप दोघांकडूनही यावे लागते. दोघेही स्वतः निरोगी असतात आणि प्रत्येक गर्भारपणी मुलाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. डाउन सिंड्रोममध्ये एकविसावे गुणसूत्र जादा असते. 1959 साली जेरोम लेज्यून व त्यांचे सहकारी यांनी ते दाखवून दिले, आणि बहुतेक वेळा ते वारशाने येत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य प्रभूला हाच प्रश्न करतात: पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो. हा उतारा आपण वर्षानुवर्षे ऐकतो. तरी घरात असे मूल आले, की आपण शिष्यांचाच प्रश्न विचारतो. जिच्यावर असा आरोप असतो, ती आई आपले निरीक्षण धिटाईने कोणाला सांगणार? आरोपीच्या शब्दाला साक्षीचे मोल नसते.

आता मेडशीकडे वळू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ 2013 साली पालघर येथे झाला; त्यात तपासणी पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीला भेट द्यावी अशी योजना आहे. 2021 साली दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण आले. उपचारांसाठी साहाय्याची मर्यादा 2022 साली 50 लाख रुपये झाली. धोरणात आरंभी नेमलेल्या आठ केंद्रांपैकी महाराष्ट्रात एकच होते, मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय. मेडशीहून तेथवर जाणारी वाट लांबची आहे, आणि तिच्या पहिल्या टोकाला कोणी तज्ज्ञ नसतो. तेथे असते ती आईच: बाळ मान धरत नाही, दूध ओढताना दमते, हाक मारली तर पाहत नाही, असे म्हणणारी. तिला ‘होईल हळूहळू’ म्हणून परत पाठवायचे की तिच्या शब्दावर पुढची चिठ्ठी लिहायची, यावर त्या बाळाचे अर्धे भवितव्य ठरू शकते.

2021 साली मुंबईतील एका तान्ह्या मुलीच्या औषधासाठी सुमारे 16 कोटी रुपये लोकवर्गणीतून उभे राहिले आणि केंद्र सरकारने त्यावरचा कर माफ केला. लोकांच्या दातृत्वाचा आम्हांला आदरच आहे. परंतु अशा वेळी वृत्तपत्रांतले मूल पाहता पाहता एक आकडा होऊन बसते. आकड्यापलीकडचे मूल दाखवणे हे साहित्याचे काम.

म्हणून आमची लेखकांकडे मागणी साधी आहे. दळवींची धिटाई घ्यावी, ‘यलो’प्रमाणे त्या मुलाला स्वतः समोर येऊ द्यावे, आणि या दोहोंत पर्ल बक यांच्या त्या ओल्या तळहाताची भर घालावी. घराचा एखादा साधा दिवस लिहावा: भरवणे, अंग पुसणे, भावंडांची कुरबूर, बापाचे मौन, आणि दुपारी कधीतरी मुलाच्या चेहऱ्यावर उमटलेले असे काही, जे आईवाचून कोणाला दिसले नाही.

असे पुस्तक मराठीत लिहिले गेले आणि मेडशीच्या एखाद्या आईला कोणी वाचून दाखवले, तर तिचे दुःख हलके होईलच असे आम्ही म्हणत नाही. आपल्याला जे दिसते ते खरे आहे आणि ते बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे, एवढे तरी तिला वाटेल. पुढच्या वेळी दवाखान्यात ती ते थोडे मोठ्याने सांगेल.