पाळी चुकविणे आणि अभय देणे : निग्रोधमिग जातकाचे एक वाचन

अमेरिकेतील शिकारविषयक लेखनात एक प्रश्न पुन्हा पुन्हा चर्चिला जातो. नोव्हेंबरातील पहाट आहे. झाडावर बांधलेल्या मचाणावर शिकारी बसला आहे. समोर पांढऱ्या शेपटीच्या जातीचा दीड वर्षाचा तरुण नर येतो. त्याची शिंगे अजून बारीक आहेत. शिकाऱ्याकडे परवाना आहे, हरीणही टप्प्यात आहे. त्यास मारावे की जाऊ द्यावे? मारण्याला तेथे ‘हार्वेस्ट’, म्हणजे कापणी, म्हणतात आणि सोडून देण्याला ‘पास’.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा प्रश्न या रूपात उद्भवत नाही. मग पालि अभ्यासकाने त्यात का पडावे, असे वाचक विचारतील. आमचे उत्तर असे की जातकट्ठकथेतील बाराव्या कथेत, निग्रोधमिग जातकात, नेमका हाच प्रश्न आहे. आणि राजाची करुणा सांगण्याच्या भरात आपल्या प्रवचनांतून तो बहुधा निसटतो.

‘कापणी’ या शब्दाला आमचा पहिला आक्षेप आहे. जो पेरतो तो कापतो. हे हरीण कोणी पेरले? अमेरिकी विधिविचारानुसारही वन्य प्राणी कोणा एकाच्या मालकीचा नसतो. राज्याने तो विश्वस्ताच्या नात्याने सांभाळावयाचा असतो. प्राणवधाला शेतीचे नाव दिले की प्रश्न नीतीचा राहत नाही, उत्पन्नाचा होतो.

आता ‘पास’चा विचार करू. तरुण नर सोडण्यामागे सर्वांचा हेतू एकच असतो असे आम्ही म्हणत नाही. पेनसिल्व्हेनिया राज्याने २००२ साली नियम केला की बहुतेक भागांत एका बाजूच्या शिंगाला किमान तीन टोके, पश्चिमेकडील भागांत चार, असल्याशिवाय नर मारू नये. अल्पवयीन शिकाऱ्यांना त्यातून सूट होती. कळपातील वयाचा समतोल राखावा हा त्यामागचा घोषित विचार होता, आणि तो खोटा म्हणण्याचे कारण नाही. परंतु मचाणावरील माणसाच्या मनात पुष्कळदा वेगळेच गणित असते. हरणाची शिंगे दरवर्षी गळतात व नव्याने उगवतात. वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत ती वाढत जातात. आज सोडलेला नर तीन-चार वर्षांनी भिंतीवर लावण्याजोगा होईल, म्हणून तो आज सुटतो.

जातकातील राजाही प्रथम असेच करतो. वाराणसीचा राजा रोज मृगयेला जातो. लोकांना कामे टाकून त्याच्यामागे फिरावे लागते, म्हणून ते कंटाळून हरणांचे कळप राजोद्यानात आणून कोंडतात. तेथे दोन सुवर्णवर्ण मृगराज राजाच्या दृष्टीस पडतात आणि तो त्या दोघांना अभय देतो. कारण? ते सुंदर आहेत, एवढेच. इतर हरणांचा वध चालूच राहतो. राजाने डोळ्याने निवड केली. अमेरिकेतील शिकारीही डोळ्याने टोके मोजतो. एकाने देखणे म्हणून सोडले, दुसऱ्याने अद्याप देखणे नाही म्हणून.

पुढे पळापळीत हरणे जखमी होऊ लागतात, तेव्हा दोन्ही मृगराज पाळी ठरवितात : एक दिवस निग्रोधाच्या कळपातील एक, एक दिवस शाखाच्या कळपातील एक. ही व्यवस्था नियमबद्ध आहे, कमी क्रूर आहे, आणि आजच्या परवाना-हंगामाच्या व्यवस्थेशी तिचे नाते उघड आहे. तिची कसोटी लागते ती गाभण हरिणीची पाळी येते तेव्हा. ती शाखाला विनविते की माझी पाळी पुढे ढकला; पिलू झाल्यावर आम्ही दोघेही आपापल्या पाळीने जाऊ. या विनवणीकडे भाष्यकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे आम्हांस वाटते. बिचारी हरीण व्यवस्थेच्याच भाषेत बोलते आहे. एका मृत्यूच्या बदली ती दोन मृत्यू देऊ करते. ‘पास’ म्हणतात तो हाच.

शाखा ती विनवणी फेटाळतो. निग्रोध तिची पाळी टाळतो, पण तिने देऊ केलेला सौदा स्वीकारीत नाही आणि ती पाळी दुसऱ्या कोणावर लादीतही नाही. स्वतः जाऊन वधाच्या ठोकळ्यावर मान ठेवतो. राजा त्याला आणि हरिणीला अभय देतो, तेव्हा तो विचारतो, उरलेल्यांचे काय? उद्यानातील हरणे, बाहेरची हरणे, इतर चतुष्पाद, पक्षी, मासे, अशा क्रमाने तो ती सूट वाढवीत नेतो. ज्या अभयाला अपवाद म्हणून मिरवावे लागते, ते त्याला अपुरे वाटते.

येथे काही वाचक म्हणतील की अमेरिकेत हरणे मारणे ही गरज आहे. हा आक्षेप गंभीर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे पांढऱ्या शेपटीची हरणे अंदाजे पाच लाखांहून कमी उरली होती. आज ती सुमारे तीन कोटी आहेत. पूर्वेकडून लांडगे नाहीसे झाले. जंगलातील रोपे हरणे खाऊन टाकतात, रस्त्यांवर अपघात होतात. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. अहिंसा हा त्यांच्या मते नियम नसून तत्त्व आहे. तो भेद येथे लावून पाहावा. संख्या आटोक्यात आणावयाची तर माद्या कमी कराव्या लागतात, कारण एक नर अनेक माद्यांना पुरतो. शिंगांची टोके मोजून नर निवडण्याला गरजेचा आधार मिळत नाही. म्हणून घरच्या अन्नासाठी लहान नर मारणारा गरीब माणूस आणि शिंगांसाठी तोच नर राखून ठेवणारा संयमी शिकारी यांत, चेतनेच्या दृष्टीने, पहिल्याची बाजू आम्हांस अधिक सावरता येते. हे मत काहींना रुचणार नाही. पण अंगुत्तरनिकायाच्या छक्कनिपातातील मच्छबन्धसुत्तात मासे मारणाऱ्यापासून मृगांच्या शिकाऱ्यापर्यंत सर्वांविषयी जो दोष सांगितला आहे तो मुख्यतः वध्य प्राण्याकडे पापी मनाने पाहण्याचा आहे. इच्छा थांबून राहिली म्हणून ती शुद्ध होत नाही.

राखून ठेवण्याचे हे औदार्य किती टिकते तेही दिसून आले आहे. हरणांच्या मेंदूचा ऱ्हास करणारा एक असाध्य रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम आढळला. प्रौढ नरांत त्याचे प्रमाण अधिक असते. तो पसरल्यावर मिसुरी राज्याने बाधित जिल्ह्यांत शिंगांच्या टोकांचा नियम उठविला. रोगनियंत्रणाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. परंतु काल जो तरुण नर नियमाने वाचत होता, तो आज नियमानेच मारावयाचा ठरला.

जातकाच्या गद्यातील पुष्कळ भाग उत्तरकालीन आहे, गाथाच मूळ, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहे. या कथेतील एकमेव गाथा राजाच्या दानाविषयी नाही. ती त्या हरिणीने आपल्या वाढत्या पाडसाला, शाखाच्या कळपाकडे खेळावयास जाऊ लागला तेव्हा, केलेली ताकीद आहे : निग्रोधाच्याच आश्रयाने राहा, मग तेथे मरण आले तरी चालेल. कथा तेथेही थांबत नाही. अभय मिळालेली हरणे लोकांची शेते खाऊ लागतात, लोक राजाकडे तक्रार घेऊन जातात. राजा दिलेला शब्द मागे घेण्यास नकार देतो. तेव्हा निग्रोध आपल्या कळपांस बोलावून दुसऱ्यांची पिके खाण्यास मना करतो आणि शेतकऱ्यांना निरोप पाठवितो की कुंपण घालू नका, शेताच्या कडेने पानांची खूण तेवढी बांधा. ‘पण्णसञ्ञा’ हा शब्द अट्ठकथाकाराने येथे वापरला आहे. रोही आणि रानडुकरांनी नासलेली पिके पाहणाऱ्या विदर्भातील शेतकऱ्याला तो भाबडा वाटेल. पण पिकाची तक्रार अट्ठकथाकाराने कथेत ठेवली, गाळली नाही.