दोन घरचा पाहुणा

दोन घरचा पाहुणा उपाशी, असं म्हणतात. पटकीचा जंतू या म्हणीला पुरून उरला आहे. पाण्यात आणि माणसाच्या आतड्यात, दोन्हीकडे तो मुक्काम ठोकतो. दोन्हीकडे त्याला टेकायला जागा मिळवून देतं ते जीबीपीए नावाचं प्रथिन.

विदर्भातल्या गावांनी या रोगाच्या धास्तीने मरीमाय पूजली. ती भीती जुनी झालेली नाही. आमच्या यवतमाळला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या पाचडोंगरीत, जुलै 2022 मध्ये उघड्या विहिरीच्या पाण्यातून पटकी पसरली आणि माणसं दगावली.

पैनगंगेच्या पात्रात खेकडे-झिंगे धरणाऱ्याच्या हाताला जे टणक कवच लागतं, ते कायटिनचं. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पाण्यातल्या इवल्या जिवांचं कवचही त्याचंच, आणि पाण्यात पटकीचा जंतू चिकटतो तो अशाच कवचांना. कायटिन म्हणजे एन-अ‍ॅसिटिल ग्लुकोसामाइन या साखरेची लांबच लांब माळ. आपल्या आतड्याच्या पेशींवर जो बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो, त्यातही हीच साखर गुंफलेली असते. म्हणजे कवचाला धरायला शिकलेला हात आतड्यालाही आयताच चालला. 2005 साली अमेरिकेतल्या रोनाल्ड टेलर यांच्या गटाने हे दाखवलं. यात कुणाला जंतूचा कावा दिसेल. मला तर ही निव्वळ काटकसर वाटते.

प्रथिनाची घडण पाहावी तर आणखी मजा. 2012 साली ती उलगडली. चार खंड, एकापुढे एक, लांबट आणि सडपातळ. जंतू हे प्रथिन आधी अंगाबाहेर टाकतो आणि मग तेच त्याच्या अंगाला येऊन चिकटतं. मधले दोन खंड जंतूला धरतात, चौथा कायटिनला. पहिला खंड कायटिन आणि श्लेष्मा दोन्ही धरतो. सगळी करामत त्याची. कोलकात्याच्या संशोधकांना तर असं आढळलं, की या प्रथिनामुळे आतड्याच्या पेशी जास्त श्लेष्मा बनवतात आणि श्लेष्मा वाढला की जंतू हे प्रथिन जास्त बनवतो. यजमानच पाहुण्याला आग्रह करतो म्हणायचा!

पण हीच घट्ट पकड जंतूला नडतेही. एकटा जंतू कुठल्याही कापडातून आरपार जाईल, कवचाला चिकटलेला मात्र कवचासकट अडकतो. बांगलादेशातल्या मतलब भागात संशोधक रीटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी बायकांना जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळायला सांगितलं. 2003 साली निष्कर्ष छापून आले: पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्यावर आले होते. कापूस पिकवणाऱ्या यवतमाळात हे वाचताना सुताचा जरा अभिमानच वाटतो. सुटे जंतू मारायला गावच्या जलसुरक्षकाची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर लागतेच, हेही खरं. आणि साडी नवीकोरी असून भागत नाही. धुवून धुवून विटलेली हवी, कारण सूत पिंजारलं की विणीतली छिद्रं आणखी बारीक होतात.