एका चिन्हाची दुरुस्ती : पोस्टसीएसएसच्या सुरक्षा-नोंदींची भाषा

संगणकीय लायब्ररीच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर बदलांची जी नोंद प्रसिद्ध होते, तिला आज एका स्वतंत्र गद्यप्रकाराचे स्थान प्राप्त झाले आहे. या गद्याचे एकमेव प्रयोजन वाचकाला निर्णयास समर्थ करणे हे होय. तेव्हा त्याची परीक्षाही त्याच कसोटीवर व्हावयास हवी. पोस्टसीएसएस या मुक्तस्रोत लायब्ररीच्या सुरक्षाविषयक नोंदी या दृष्टीने उद्बोधक आहेत.

आन्द्रेय सित्निक यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली ही लायब्ररी संकेतस्थळांचे रूप ठरविणारी सीएसएस स्टाइलशीट वाचते, मजकुराचे घटक पाडून त्यांचा रचनावृक्ष उभारते आणि संस्कार झाल्यावर तो वृक्ष पुन्हा मजकुराच्या रूपात लिहून देते. ती एक यांत्रिक वाचक आहे. त्याच मजकुराचा दुसरा वाचक म्हणजे ब्राउझर. या दोघांचे व्याकरण एकच असावे, या गृहीतावर साऱ्या व्यवहाराची भिस्त आहे.

२०२३ मध्ये सीव्हीई-२०२३-४४२७० या क्रमांकाने नोंदला गेलेला दोष नेमका या गृहीताला छेद देतो. ओळ संपल्याचे दर्शविणारी चिन्हे एकाहून अधिक आहेत. त्यांपैकी एक, कॅरेज-रिटर्न, हे टंकलेखनयंत्राच्या सरकत्या भागाची आठवण नावात जपून आहे. सीएसएसच्या प्रमाण व्याकरणानुसार तेही नव्या ओळीचेच चिन्ह होय. पोस्टसीएसएसमध्ये कंसातील मजकूर एकसंध घटक मानावा की नाही हे ठरविणाऱ्या नमुन्यात मात्र ओळसमाप्तीचे दुसरेच चिन्ह तेवढे गणले होते. परिणामी, कंसात कॅरेज-रिटर्न घालून त्यापुढे टीपेचे आरंभचिन्ह ठेवले, की दोन वाचकांचे वाचन भिन्न होई : एकाला जी टीप, ती दुसऱ्याला नियम. परक्याची स्टाइलशीट तपासून मगच स्वीकारणाऱ्या साधनाची अशा वेळी फसगत होऊ शकते. ८.४.३१ या आवृत्तीत त्या नमुन्यात एका चिन्हाची भर घालण्यात आली आणि दोष दूर झाला.

येथे लक्षात घ्यावयाचे ते हे, की दोष मजकुरात नव्हता, आणि केवळ एका वाचकातही नव्हता. तो दोन वाचनांमधील अंतरात होता. बदल-नोंदीने मात्र कॅरेज-रिटर्नचे वाचन सुधारले असून त्यायोगे अमुक क्रमांकाचा दोष दूर झाला आहे, एवढेच एका ओळीत सांगितले. तीव्रतेच्या कोष्टकात त्याला ‘मध्यम’ ही श्रेणी लाभली. वस्तुतः स्वतःच लिहिलेली स्टाइलशीट वाचविणाऱ्यास या दोषापासून जवळजवळ काहीच भय नाही, आणि अपरिचितांचा मजकूर स्वीकारणाऱ्यास ते खरेखुरे आहे. दोषाच्या विस्तृत वर्णनात बाहेरच्या अविश्वसनीय मजकुराचा उल्लेख येतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु ‘मध्यम’ हा शब्द दोन भिन्न स्थितींची सरासरी काढतो आणि दोहोंपैकी एकीचेही यथार्थ वर्णन करीत नाही.

२०२१ मधील दोन नोंदींत उणीव वेगळ्या प्रकारची आहे. मूळ मजकुराचा नकाशा कोठे आहे हे सांगणारी टीप शोधणाऱ्या नमुन्यांची रचना इतकी सैल होती, की मुद्दाम रचलेल्या लांबलचक मजकुरावर यंत्र पुनःपुन्हा मागे वळून वाचीत राही आणि काम खोळंबे. या प्रकारचा दोष ८.२.१० मध्ये दूर केल्याचे सांगण्यात आले, लगेच ८.२.१३ मध्ये तसाच दोष पुन्हा दूर करावा लागला. पहिल्या दुरुस्तीतून काय सुटले होते, हे नोंद सांगत नाही. ८.२.१० वर थांबलेल्या वाचकाने स्वतःस सुरक्षित समजावे, ही त्या मौनाची फलश्रुती होय.

आवृत्तीक्रमांकाकडूनही अधिक अपेक्षा करता येत नाही. त्याचा तिसरा अंक बदलला म्हणजे जुन्याशी सुसंगती राखून दुरुस्ती झाली, एवढेच आश्वासन मिळते. धोक्याचे मोजमाप त्यात नसते. शिवाय २०२० मध्ये आलेल्या आठव्या मालिकेने प्लगिनांची घडण बदलली. त्यामुळे अनेक साधने सातव्या मालिकेशीच बांधलेली राहिली. २०२१ ची दुरुस्ती त्यांच्यासाठी ७.०.३६ मध्ये मागे नेण्यात आली. २०२३ ची नेण्यात आली नाही. एकास जी एका अंकाची पायरी, ती दुसऱ्यास संपूर्ण मालिकेची उडी ठरली.

मोबदल्याची अपेक्षा न धरता चाललेल्या कार्यात त्वरेने दुरुस्ती होते, हे श्रेय निर्विवाद आहे. तथापि दुरुस्ती आणि तिचे निवेदन ही दोन भिन्न कर्तव्ये आहेत. कोणाचा मजकूर, कोणता वाचक आणि कोणते अंतर, या तीन प्रश्नांची उत्तरे नोंदीत एकेका वाक्याने आली, तर आंधळेपणाने आवृत्ती बदलणारा आणि इशाऱ्यांना कंटाळून त्यांकडे दुर्लक्ष करणारा, असे दोन्ही वाचक सावध होतील. एका चिन्हाने जे साधले, त्याचे महत्त्व कळावयास निदान तीन वाक्ये लागतात.