परभणीतला भ

दिवाळी अंकात कवितेची, नाटकाची, चित्राची समीक्षा यावी हे रीतीला धरून झाले. मी मात्र आज एका पाटीची समीक्षा करायला बसलो आहे.

परभणी जिल्ह्यातल्या एका दुकानावर (गावाचे नाव सांगत नाही, दुकानदार भला माणूस आहे) तांबड्या दिव्यांची, अक्षरे सरकत नेणारी पाटी लागली आहे: 'परभणी, पूर्णा, जिंतूर, सेलू, गंगाखेड येथे माल पोहोच मिळेल.' माझी मावशी साठी उलटल्यावर अक्षरे शिकली. ती अजून बोट फिरवीत, एकेक अक्षर लावीत वाचते. पाटीपुढे उभी राहून तिने मोठ्याने वाचले, "परमणी." मी हसलो. मग जवळ जाऊन पाहिले, तर चूक तिची नव्हती.

अशा पाटीवर अक्षराला वळण नसते. चौकटीतले काही ठिपके पेटतात, काही विझलेले राहतात, एवढेच. रोमन लिपीचे मोठे अक्षर रुंदीला पाच आणि उंचीला सात ठिपक्यांत सुखाने बसते. आपल्याला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार हवेत आणि खाली उकार. म्हणून बहुधा सोळा ओळी घेतात. वाटणी करून पाहा: वर चार, शिरोरेघेला एक, अक्षराच्या अंगाला आठ, खाली तीन. संपला संसार! 'जिंतूर'मधल्या वेलांटीच्या कमानीला अनुस्वार चिकटला की दोहोंचा गोळा होतो. 'गंगाखेड'चा अनुस्वार एकाच ठिपक्याचा ठेवला आणि तेवढाच दिवा गेला, तर जनाबाईंचे गाव 'गगाखेड' होऊन बसते. 'सेलू'तला ल तर हिंदी वळणाचाच होता. मराठी ल आणि श कसे काढावेत हे शासनाने 2009 साली ठरवून दिले आहे, पण ते या पाटीच्या कानावर गेलेले दिसत नाही.

हे सारे मी माफ करीन. भ नाही.

म आणि भ यांत फरक तो किती? म वर शिरोरेघ अखंड असते, भ च्या डाव्या अंगाला ती तुटते आणि तिथे लहानसे वळण येते. पाटीच्या अक्षरकाराने, श्रम वाचावेत म्हणून, शिरोरेघेची ओळ सरसकट पेटवून दिली आहे. त्याच न्यायाने 'ध'चा 'घ' होतो. दुकानदाराला विचारले तर तो म्हणाला, "अक्षरं यंत्रात भरूनच आली, साहेब." म्हणजे एकाने एकदा केलेला आळस गावोगाव पेटणार. जाणता वाचक शब्द ओळखून पुढे जातो. अडते ते अक्षर लावून वाचणारे माणूस.

जावजी दादाजींच्या 'निर्णयसागर'साठी राणोजी रावजी आरू यांनी पोलादात ठसे कोरले, तेव्हा त्यांना वळणाची मोकळीक होती, हे मान्य. पण ठिपक्यांतही कसब असते. 1984 साली निघालेल्या मॅकिंटॉश संगणकाची अक्षरे सुझन केअर या अमेरिकन चित्रकर्तीने चौकटी भरूनच काढली, आणि या कामाचे नाते तिने भरतकामाशी जोडले आहे. थोडक्या ठिपक्यांत काय पेटवायचे याइतकेच काय विझवायचे हेही ठरवावे लागते. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या कोणत्याही मुलीला हे ठाऊक असते.

मावशीच्या दारावर मण्यांचे जुने तोरण आहे: 'शुभ लाभ'. निळे मणी, पांढरी जमीन. ते विणले तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. शेजारणीच्या तोरणावरचे मणी मोजून तिने उतरवून घेतले. त्या दिवशी घरी परतल्यावर मी ते प्रथमच नीट पाहिले. दोन्ही भ च्या माथ्यावर शिरोरेघेतले दोन-दोन मणी पांढरे सोडले होते.

"हे का सोडलेस?" मी विचारले.

"तिच्यात तसंच होतं की. आधी भरून पाहिलं रे, बरं दिसंना. मग उसवलं."