बंदूक आणि पहारा

दलित साहित्य आणि अमेरिकेतील काळ्यांचे साहित्य यांची तुलना आपल्याकडे पुष्कळ झाली. पण ती बहुधा कविता आणि आत्मकथनापाशी थांबते. रॉबर्ट एफ. विल्यम्स यांचे ‘निग्रोज विथ गन्स’ (1962) हे छोटे पुस्तक त्या चर्चेत क्वचितच येते. ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाचे संस्थापक ह्यूई न्यूटन यांच्यावर याच पुस्तकाचा प्रभाव होता, आणि त्या पक्षावरून 1972 मध्ये मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले. तेव्हा या पुस्तकाची झडती आपणही घेतली पाहिजे.

विल्यम्स नॉर्थ कॅरोलायनातील मन्रो गावचे. मरीन दलातून सुटून 1955 मध्ये ते परतले तेव्हा एन.ए.ए.सी.पी. या काळ्यांच्या संघटनेची तिथली शाखा मोडकळीला आली होती. त्यांनी मजूर, मोलकरणी, बेकार, माजी सैनिक गोळा केले. लढा पेटला तो पाण्यावरून. सरकारी पैशाने बांधलेल्या पोहण्याच्या तलावात काळ्या मुलांना मज्जाव होता. आठवड्यातला एखादा दिवस तरी द्या, अशी मागणी झाली. अधिकारी म्हणाले, दर वेळी सगळे पाणी बदलावे लागेल, तो खर्च परवडणार नाही. महाडच्या तळ्यात शुद्धीसाठी ओतलेले पंचगव्याचे घडे आपल्याला इथे आठवल्यावाचून राहत नाहीत.

क्लू क्लक्स क्लॅनचे लोक मोटारींचे ताफे काढून वस्तीत गोळीबार करीत आणि पोलिसांची गाडी ताफ्यासोबत असे. ऑक्टोबर 1957 मध्ये ताफा डॉ. आल्बर्ट पेरी यांच्या घरावर चालून आला. वाळूच्या पोत्यांमागे पहारेकरी तयार होते. उलट गोळीबार होताच ताफा पळाला. त्यानंतर लगेच नगरपालिकेने अशा ताफ्यांवर निर्बंध घातले. अर्जविनंत्यांनी जो कायदा सुचला नव्हता, तो आता सुचला.

इथे टाळी वाजवून पुस्तक मिटणारे मी पाहिले आहेत. मला ते वाचन अपुरे वाटते. कामी आला तो पाळीपाळीने दिलेला पहारा. बंदूक त्या पहाऱ्याच्या हातात होती एवढेच. शिवाय 1961 मध्ये अपहरणाचा आरोप आला तेव्हा ही बंदूक निरुपयोगी ठरली. ताफा पळवता आला, वॉरंट पळवता आले नाही. विल्यम्स यांना क्युबा गाठावे लागले. खटला मागे घेतला गेला तो जवळपास पंधरा वर्षांनी. नेता गेल्यावर वस्तीचे काय होते, याविषयी पुस्तक पुरेसे बोलत नाही. माझी मुख्य तक्रार हीच.

तरीही मी ते नाकारू शकत नाही. माझ्या वस्तीपासून पोलीस ठाणे अकरा मैलांवर होते. एका पोळ्याच्या रात्री घरांवर दगड पडले. गावातला एकुलता फोन पाटलाच्या वाड्यात. जीप आली ती सकाळी, पंचनाम्याला. रात्रभर माझा बाप कुऱ्हाड घेऊन दारात बसला होता. त्याला अहिंसेचा उपदेश करणाऱ्याची मला आजही चीड येते.

आपल्या राज्यकर्त्यांनाही हे ठाऊक आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील 1995 च्या नियमांतला तिसरा नियम वाचा. अत्याचारप्रवण भागात अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने गरजेप्रमाणे रद्द करावेत आणि आवश्यक वाटल्यास या जाती-जमातींच्या माणसांना परवाने द्यावेत, अशी त्यात तरतूद आहे. माझ्या मते ही शासनाने स्वतःच्या अपयशाची लिहून दिलेली कबुली आहे. पण आवश्यक वाटायचे कोणाला? आणि रोजंदारीवरचा भूमिहीन मजूर बंदूक घेणार कशातून?

चातुर्वर्ण्याने खालच्यांना शस्त्र नाकारले म्हणून ते बंड करू शकले नाहीत, असे बाबासाहेबांनी 1936 मध्ये मांडले. त्यांच्या त्याच मांडणीत शिक्षणबंदीही होती, हे विसरू नये. म्हणून अभ्यासवर्गात विल्यम्स आणि हा तिसरा नियम शेजारी ठेवून वाचावेत. मग जिल्हाधिकारी कचेरीत जाऊन विचारावे की या नियमाखाली आजवर किती परवाने रद्द झाले आणि किती दिले गेले. उत्तर येईपर्यंत पहारा आपल्यालाच द्यायचा आहे.