सत्ताधाऱ्याचा हिशोब कोण घेतो?

निवडणूक संपली की आपल्याकडचे पांढरपेशे टीकाकार एक ठरीव निदान करतात : दलित मतदार भावनेवर जातो, दारूवर जातो, पाचशेच्या नोटेवर जातो, खुर्चीवर बसलेल्याच्या कारभाराची पारख त्याला नाही. खेदाची गोष्ट ही की, आपलेही काही लेखक आता हीच भाषा बोलू लागले आहेत. मला ती मान्य नाही.

१९७७ साल आठवावे. आणीबाणीत सक्तीच्या नसबंदीचा वरवंटा उत्तरेत गोरगरिबांवर फिरला. मतदानाची वेळ येताच उत्तर प्रदेशातील ८५ आणि बिहारमधील ५४ जागांपैकी एकही काँग्रेसला मिळाली नाही. खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. त्याच वर्षी मे महिन्यात बिहारमधील बेलछीचे हत्याकांड झाले आणि नव्या राजवटीतही दलितांचा जीव स्वस्तच असल्याचे दिसले. १९८०च्या निवडणुकीत जनता पक्षही पराभूत झाला. या दोन्ही निकालांना इतर कारणे होतीच. पण गरीब मतदाराला हिशोब कळत नाही, असे यानंतर कोणत्या तोंडाने म्हणायचे?

मग पाणी मुरते कुठे? पुणे कराराला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ साली, कांशीराम यांनी ‘चमचा युग’ लिहिले. संयुक्त मतदारसंघातून परक्यांच्या हातचे प्रतिनिधी तयार होतात, हे त्यांचे म्हणणे नाकारता येत नाही. मात्र त्यांचा रोख चमच्यावर आणि त्याला वापरणाऱ्यांवर आहे. तो विचार मतदारापर्यंत पुढे न्यायला हवा.

राखीव मतदारसंघात शंभर मतदार आहेत आणि त्यांत आपले वीस, असे धरू. गावात अत्याचार झाला आणि प्रतिनिधी गप्प बसला. वीसजणांच्या लेखी हा गुन्हा. उरलेल्यांतील अनेकांच्या लेखी तोच समंजसपणा. कृती एक, खतावण्या दोन. वीसच्या वीस मते विरोधात गेली, तरी तो निवडून येऊ शकतो. पुणे करारात निदान पहिली चाळणी आपल्या हाती होती : प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवार आपल्याच मतांनी ठरायचे. संविधानात राखीव जागा आल्या, ती चाळणी आली नाही. आज लोकसभेत अनुसूचित जातींसाठी ८४ जागा आहेत. त्यांतील किती जणांचा निकाल आपण लावतो?

आमच्या वस्तीत मते मागायला आलेल्या प्रतिनिधीला समाजमंदिरात एका आजीने उभ्या उभ्या विचारले, “बाबा, पोरांना मारलं तवा तू कुठं व्हतास?” तो रस्त्याकडे बघत राहिला. वस्तीने त्याला मत दिले नाही. तो निवडून आला.

त्या आजीची पारख चुकली नव्हती; तिचे मत अपुरे पडले. तिला शहाणपण शिकवणाऱ्या टीकाकारांनी आधी एवढा फरक समजून घ्यावा. आणि आपण लिहिणाऱ्यांनीही एक काम अंगावर घ्यावे : राखीव जागेवरचा माणूस कोणत्या प्रसंगी बोलला, कोणत्या प्रसंगी गप्प राहिला, याची नोंद गावोगाव जाहीर ठेवावी. आजीचा प्रश्न समाजमंदिराच्या चार भिंतींत विरता कामा नये.